वायू, वही आणि स्वल्पविराम

आमच्या घरात एकही वही आपल्या नावाला जागत नाही. 'लाइट बिल' असं लेबल लावलेल्या वहीत सुरळीच्या वड्यांची कृती निघते. 'पाककृती' उघडावी तर पहिल्याच पानावर प्लंबरचा नंबर, त्याखाली 'उद्या नक्की येतो म्हणाला', त्याखाली वेगळ्या शाईत 'आला नाही', आणि उरलेल्या जागेत माझ्या अपुऱ्या कवितेची एखादी ओळ. दर जानेवारीत बँकेची नवी डायरी मिळाली की मी तिच्यावर ठसठशीत अक्षरात 'फक्त कविता' असं लिहितो. संक्रांतीपर्यंत तिच्यात तिळगुळाचा हिशेब शिरलेला असतो.

गेल्या हिवाळ्यात मी त्या डायरीत एक ओळ लिहून ठेवली होती, 'आतून रिकामा होत चाललो आहे'. माझ्या मते ती एका दीर्घकवितेची सुरुवात होती. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, ते तुमचं वाचलं मी डायरीत."

मी गहिवरलो. "मग? काय वाटलं?"

"वाटायचंय काय? बुक करून टाकला. परवा येईल."

डायरीच्या त्याच पानावर, माझ्या ओळीच्या बरोबर वर, सिलिंडर लावल्याची तारीख होती.

वह्यांच्या बाबतीत माझं नशीब शाळेपासूनच असं आहे. नववीत आम्हाला रसायनशास्त्राची प्रयोगवही असे. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशी पाच कलमं. ती वर्गातल्या एकाच हुशार मुलीने भरायची आणि बाकीच्यांनी तिच्यावरून उतरवायची, हा प्रघात. चुकून तिची परीक्षानळी फुटली असती तर आमच्या सगळ्यांच्या वहीत फुटली असती. एकदाच मला वही मिळाली नाही म्हणून मी निरीक्षण स्वतःच्या मनाने लिहिलं. मोरचुदाचे निळे खडे तापवून पांढरे पडताना पाहून मला कसं उदास वाटलं, मग पाण्याचा थेंब पडताच निळाई परतली तेव्हा कसं भरून आलं, वगैरे. सरांनी लाल शाईत शेरा मारला, 'निरीक्षण पदार्थाचे लिहावे. निरीक्षकाच्या मनःस्थितीचे लिहू नये.' वही वर्गात वाचूनही दाखवली. पुढे वर्षभर मला मधल्या सुट्टीत 'मोरचूद' या नावाने हाक मारत असत.

हे सगळं उगाळायचं कारण हम्फ्री डेव्ही. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, मॅग्नेशियम ही मंडळी ज्याने एकेक करून मोकळी केली, तोच डेव्ही. खाणकामगारांच्या सुरक्षित दिव्याचा डेव्ही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच्या वह्या जपून ठेवल्या आहेत. त्यांची छायाचित्रं पाहिली आणि माझ्या जुन्या जखमेची खपली निघाली. एका पानावर वायूचा प्रयोग, खाली कविता. कवितेच्या कडेला कसलीशी आकडेमोड. मध्येच एखाद्या चेहऱ्याचं रेखाटन. वही अर्धी भरली की उलटी करून मागच्या बाजूने सुरुवात, त्यामुळे मधल्या पानांवर विज्ञान आणि काव्य एकमेकांकडे पाय करून झोपलेले. माझ्या सरांच्या हाती ही वही पडली असती तर इंग्लंड एका शास्त्रज्ञाला मुकलं असतं.

हा गृहस्थ 1778 साली कॉर्नवॉलमधल्या पेन्झन्स गावात जन्मला. वडील लवकर गेले. पोराला एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला ठेवलं. तिथे त्याने वहीत स्वतःसाठी अभ्यासाची योजना लिहिली. ती वाचून कुठल्याही मराठी पालकाला भरतं यावं. आधी धर्मशास्त्र, मग भूगोल, मग स्वतःचा व्यवसाय, मग तर्कशास्त्र, मग भाषा. भाषांत लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, शिवाय हिब्रू. ज्या रसायनशास्त्राने त्याचं नाव होणार होतं ते 'व्यवसाय' या कलमाच्या पोटात, वनस्पतिशास्त्र, औषधं, शरीररचना वगैरेंच्या मागे, शेवटी खुरडत येतं. वेळापत्रक आखण्यात इतका जीव ओतणारा माणूस पुढे अभ्यासही करतो, याचं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण. पुढच्या एका वहीत मोझेसवर महाकाव्य लिहायचा आराखडाही आहे. महाकाव्याचं काय झालं हे विचारू नये. आराखडा झाला.

घराच्या माळ्यावर त्याचे प्रयोग चालत. कुटुंबाचे स्नेही टॉन्किन हे वैतागून म्हणत की हा पोरगा काही सुधारायचा नाही, एक दिवस आपल्या सगळ्यांना उडवून देणार. माळ्यावर कविता लिहितो असं सांगितलं असतं तर ते अधिकच घाबरले असते, असा माझा अंदाज आहे. स्फोटाला निदान शेवट असतो.

विशी गाठायच्या आत डेव्ही ब्रिस्टलला गेला, डॉ. टॉमस बेडोज यांच्या न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशनमध्ये. वायू हुंगवून रोग बरे करायचे, विशेषतः क्षय, असा त्या संस्थेचा उद्देश. डॉक्टर बेडोज हे एक प्रकरणच होतं. क्षयाच्या रोग्याने गोठ्यात गाईंच्या सहवासात राहावं, असंही त्यांचं मत होतं. आपल्याकडच्या काही लोकांना हे वाचून फार आनंद होईल, म्हणून अधिक तपशील देत नाही. उपकरणं बनवून दिली होती वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटने. आणि डेव्हीचं काम काय, तर वायू तयार करायचे आणि ते कसे लागतात ते बघायचं. कोणावर? स्वतःवर.

नायट्रस ऑक्साइडबद्दल एका अमेरिकन विद्वानाने आधीच लिहून ठेवलं होतं की हा वायू म्हणजे साथीच्या रोगांचं मूळ, हुंगला की माणूस गेलाच. डेव्हीने अमोनियम नायट्रेट तापवलं, वायू रेशमी पिशवीत भरला, पिशवीची नळी तोंडात धरली आणि हुंगला. गेला नाही. हसत सुटला आणि नाचू लागला. मग दिवसाउजेडी, रात्री-अपरात्री, एकटा, मित्रांबरोबर, पिशव्यांमागून पिशव्या. हे सगळं वहीत. चांदण्या रात्री पिशवी घेऊन एव्हन नदीकाठी जायचं, हुंगायचं, आणि आल्यावर कविता लिहायची. वायू हुंगल्यावर काय वाटलं याचीच कविता त्या वह्यांत आहे. कवितेचा दर्जा काय, हे मी सांगणार नाही. ज्यांनी मंगल कार्यालयात भांग प्यालेल्या काकांची शीघ्रकविता ऐकली आहे त्यांना कल्पना येईल.

माझ्या सरांना मला विशेष करून सांगावंसं वाटतं ते पुढचं. 1800 साली डेव्हीने या वायूवर जाडजूड ग्रंथ काढला. त्यातला एक मोठा भाग म्हणजे वायू हुंगलेल्या माणसांनी आपल्याला काय वाटलं ते सांगितलेलं. निव्वळ निरीक्षकाची मनःस्थिती! आणि या निरीक्षकांत कोण होतं? कवी रॉबर्ट साउदी, कवी कोलरिज, मातीच्या भांड्यांच्या कारखान्याचे वेजवूड. कोलरिजने सांगितलं की बाकी काही नाही, समोर बघत उभे असलेल्या लोकांकडे बघून हसावंसं वाटलं. साउदी इतका हरखला की त्याने भावाला पत्र लिहून कळवलं, डेव्हीने एक नवीच चैन शोधून काढली आहे. एका रोग्याला विचारलं, कसं वाटतंय? तो म्हणाला, हार्पच्या सुरासारखं वाटतंय. बिचारा इलाजाला आला होता, जाताना कवी होऊन गेला.

एक माणूस मात्र पूर्ण कोरडा राहिला. पीटर रोजे नावाचा तरुण डॉक्टर. डोकं गरगरलं, विचारांचा लोंढा आला, हे सगळं त्याने व्यवस्थित नोंदवलं आणि शेवटी स्पष्ट लिहिलं की या प्रकारात मला आनंद असा मुळीच झाला नाही. पन्नासेक वर्षांनी, 1852 मध्ये, याच रोजेने इंग्रजी समानार्थी शब्दांचा तो प्रसिद्ध कोश छापला. आनंदाला किती शब्द आहेत ते त्यात सगळे मिळतात. अशा माणसाला मी ओळखतो. पंगतीत सगळे श्रीखंडावर तुटून पडलेले असताना हा चक्क्याचं आणि साखरेचं प्रमाण विचारत असतो.

डेव्हीचा उत्साह मात्र घरच्यांना हॉस्पिटलात नेईल अशा जातीचा. वायूमुळे दारूची नशा वाढते की उतरते, हे बघायचं होतं. एरवी फारसं न पिणाऱ्या या इसमाने वाइनची आख्खी बाटली आठ मिनिटांच्या आत रिचवली, दाणकन आडवा झाला, आणि शुद्धीवर येऊन डोकं ठणकत असताना पिशवी तोंडाला लावली. हल्ली कुणी एकतीस डिसेंबरला असं करून 'प्रयोग होता' म्हणाला तर त्याची कोणी गय करणार नाही. दुसऱ्या खेपेला त्याने कार्बन मोनॉक्साइडचा भरणा असलेला वायू ओढला. तीन-चार घोट होतात न होतात तोच गडी कोसळायच्या बेतात. उघड्या हवेवर आल्यावर त्याने काय केलं? मनगटावर बोट ठेवून स्वतःची नाडी मोजली आणि आपण मरू असं वाटत नाही, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटला. आपण शिंकलो तरी घरभर सांगत फिरतो. हा मरताना कृती आणि निरीक्षण ही दोन्ही कलमं भरत होता.

26 डिसेंबर 1799 ला तर तो हवाबंद पेटीत शिरून बसला आणि आत ठरावीक वेळाने वायू सोडायला लावला. सव्वा तासाने बाहेर आला तो वर आणखी एक मोठी पिशवी रिकामी करून. नंतर येरझारा घालत त्याने शेजारी उभ्या असलेल्या एका डॉक्टरांना गंभीरपणे सांगितलं की जगात विचारांखेरीज काहीही अस्तित्वात नाही. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काय भाव होते त्याची नोंद नाही. पण हे वाक्य कुठल्याही व्याख्यानमालेत कुठलाही वायू न घेता ऐकायला मिळतं.

या गोंधळात खरी कामाची गोष्ट ग्रंथाच्या शेवटाकडे एका वाक्यात राहून गेली. अक्कलदाढ येताना ठणकणारी हिरडी या वायूने शांत झाली होती, तेव्हा शस्त्रक्रियेत वेदना थांबवायला याचा उपयोग होईल, असं डेव्हीने लिहून ठेवलं होतं. कोणी लक्ष दिलं नाही. वायूच्या मैफली गाजत राहिल्या, आणि दात उपटताना माणसं पुढची चव्वेचाळीस वर्षं बोंबलत राहिली. 1844 मध्ये अमेरिकेतल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली, तेव्हा लोकांना त्या वाक्याची आठवण झाली.

आता स्वल्पविराम. हा भाग मी आमच्या काव्यमंडळात मुद्दाम सांगतो. 1800 च्या जुलैमध्ये डेव्हीला एक पत्र आलं. पाठवणारा विल्यम वर्ड्सवर्थ, वय तीस, इंग्रजी कवितेचं पुढचं शतक ज्याच्या नावाने ओळखलं जाणार तो. मुद्दा असा की 'लिरिकल बॅलड्स'ची दुसरी आवृत्ती ब्रिस्टलला छापायला चालली आहे, मला विरामचिन्हांतलं कळत नाही, तेवढी मुद्रितं तपासून चिन्हं घालून द्याल का? डेव्ही तेव्हा एकवीस वर्षांचा, आणि दोघांची तोवर भेटही झालेली नव्हती!

विचार करा. आयुष्यात न भेटलेला कवी, पिशव्या हुंगणाऱ्या पोराला सांगतोय, माझ्या काव्यात दम कुठे खावा ते तू ठरव. आपल्याकडचा कवी ओळखीच्या माणसाकडेही मुद्रितं देतो ती 'फक्त नजर टाका, काही बदलू नका' असं बजावून, आणि तीन दिवसांनी फोन करून विचारतो, रडलात का? आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना मी वर्ड्सवर्थची ही कथा सांगितली तर ते म्हणाले, "पाहा, मोठे कवी असल्या किरकोळ गोष्टीत पडत नाहीत." त्यांच्या नव्या संग्रहात एकही स्वल्पविराम नाही. शेवटच्या पानावर मुद्रकाने दिलगिरी व्यक्त केली आहे.

कोलरिजला उलटं वेड लागलं. डेव्हीला पत्र पाठवून त्याने सल्ला मागितला, सरोवरांच्या प्रदेशात आपण, वर्ड्सवर्थ आणि एक शेजारी मिळून प्रयोगशाळा काढतो आहोत, काय काय सामान लागेल? रसायनशास्त्रावर शार्कसारखा तुटून पडणार, असंही त्याने कळवलं होतं. शार्कने नंतर विचार बदलला असावा. प्रयोगशाळा झाली नाही. ज्यांनी नव्या वर्षात गिटार घेतली आहे त्यांनी कोलरिजला हसू नये.

1801 मध्ये डेव्ही लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला आणि त्याच्या व्याख्यानांना अशी गर्दी लोटू लागली की बाहेर गाड्यांची कोंडी व्हायची. देखणा होता, बोलायचा छान, आणि मध्येच धडाम करून काहीतरी उडवायचा. त्याचे चरित्रकार डॉ. पॅरिस यांनी त्या काळातला एक किस्सा दिला आहे. मेजवान्या आणि प्रयोगशाळा यांत इतकी धावपळ की मळका शर्ट काढायला वेळ नाही, म्हणून हा त्याच्यावरच धुतलेला चढवायचा. कधी कधी पाच शर्ट आणि तितकेच पायमोजे अंगावर असायचे. मग एके दिवशी सवड सापडली की सगळे उतरवायचा. लोक चकित होत, हा इतका जाड दिसत होता, एकाएकी बारीक कसा झाला? चरित्रकार मंडळी थोडं मीठमसाला लावतात हे मान्य, पण ही युक्ती मी बायकोला वाचून दाखवली तेव्हा तिने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं.

ऑक्टोबर 1807 मध्ये त्याने व्होल्टाच्या बॅटरीचा प्रवाह किंचित ओलसर केलेल्या पोटॅशमधून सोडला. कवच फोडून पाऱ्यासारखे चकचकीत मणी वर आले आणि पेट घेऊ लागले. त्याचा चुलतभाऊ एडमंड मदतनीस म्हणून हजर होता. त्याने सांगितलंय की डेव्ही खोलीभर नाचत सुटला, आणि शांत होऊन पुन्हा कामाला लागायला त्याला थोडा वेळ लागला. त्या दिवसांतल्या वहीच्या पानावर मोठ्ठ्या अक्षरांत 'फर्मास प्रयोग' अशा अर्थाचे शब्द खरडले आहेत. काही दिवसांतच सोडियमही मिळालं. शाळेत सोडियमचा तुकडा रॉकेलच्या बाटलीतून चिमट्याने काढून पाण्यात टाकतात आणि तो सूं सूं करत पळतो, तेव्हा पहिल्या बाकावरची मुलं मागे सरकतात आणि मागची उभी राहतात. प्रयोगवहीत त्याचं निरीक्षण काय लिहायचं? 'जोरदार अभिक्रिया झाली.' बस्स. नाचलो असं लिहिलं की शेरा.

तर या वह्या. लँकेस्टर विद्यापीठाने त्या इंटरनेटवर ठेवल्या आणि जगभरच्या हौशी मंडळींना आवाहन केलं, वाचा आणि टंकून द्या. हजारो लोकांनी पानं उतरवून दिली. एका पेचात पडलेल्या विद्यापीठाला मदत करावी, या हेतूने मीही बसलो. शेजारी आमच्या सोसायटीतले निवृत्त प्राध्यापक बसले. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेले, इस्त्रीच्या घडीइतके सरळ गृहस्थ. पाण्याच्या टाकीत क्लोरीन किती टाकावं यावर त्यांनी सोसायटीच्या सभेत दोन सचिव बदलले आहेत.

पान उघडलं. वरून प्रयोग, खालून उलटी कविता. प्राध्यापकांनी चित्र सुलटं केलं की माझी कविता डोक्यावर उभी राही. मी ते फिरवलं की त्यांचा प्रयोग शीर्षासन करी.

"चांगल्या प्रयोगाच्या मध्येच हे काय घुसडलंय?" ते म्हणाले.

"कविता आहे, सर."

"वगळता येत नाही का?"

"प्रयोग वगळू या का?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग पानाच्या कोपऱ्यातल्या एका तपकिरी डागावरून जुंपली. ते म्हणाले नायट्रिक आम्ल, मी म्हणालो अश्रू. चहा घेऊन आलेली बायको मागून डोकावली आणि म्हणाली, "कप ठेवलाय त्याने. गोल दिसत नाही का?" त्या दिवशीचं संशोधन तिथेच थांबलं. जाताना प्राध्यापक म्हणाले, "शास्त्रज्ञाने वहीची शिस्त पाळायला पाहिजे. म्हणून तर हा महाकाव्य पुरं करू शकला नाही." यातलं तर्कशास्त्र मला अजून उलगडलेलं नाही.

चारेक दिवसांनी रात्री साडेदहाला बेल वाजली. दारात प्राध्यापक. हातात खाकी कव्हर घातलेली जुनी जाड वही, कॉलेजची प्रयोगवही, कडा पिवळ्या पडलेल्या. इकडेतिकडे पाहत आत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी झोपल्या का?"

"झोपली. काय झालं? टाकीचं काही?"

"नाही. ही जरा बघा. पुढून नको. मागून उघडा."

मागून उघडली. पुढच्या बाजूने क्षारांचं पृथक्करण होतं, ते पाठीवर उमटलेलं दिसत होतं. मागच्या पानांवर मोत्यासारख्या अक्षरांत कविता. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या असाव्यात. एकीच्या डोक्यावर तारीख, तापमान आणि हवेचा दाब होता. दुसरीत प्रेयसीच्या डोळ्यांना कोबाल्टची उपमा देऊन खाली तळटीप घातली होती, 'सजल अवस्थेत गुलाबी, निर्जल अवस्थेत निळे'.

"तुम्ही यात वावरता म्हणून म्हटलं," प्राध्यापक कव्हरची कड बोटाने सारखी करत म्हणाले, "अर्थाला हात लावू नका. फक्त स्वल्पविराम बघून द्याल?"

मी वाचत शेवटच्या कवितेपर्यंत गेलो. स्वल्पविराम सगळे जागच्या जागी होते. कविता संपल्यावर एक ओळ सोडून पट्टीने रेघ मारली होती, आणि रेघेखाली नियमाप्रमाणे लिहिलं होतं :

'अनुमान : नाही म्हणाली.'